यात गोळीचा काही संबंध नाही

१२ फेब्रुवारी. संध्याकाळ.
रिपोर्ट आला. साखर. टाइप टू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलोच नव्हतो. खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो खुर्ची डुगडुगत होती म्हणून.
त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पाव, भात, बटाटा, गोड कमी करा. रोज चाला. आणि दोन्ही वेळा जेवणानंतर एक-एक गोळी घ्या. पहिल्या दोन गोष्टी पटल्या. तिसरी नाही. गोळी म्हणजे शरीराला लाच देणं. एकदा चटक लागली की दिल्याशिवाय हलत नाही. पाणीपुरवठा ऑफिसात उभी हयात गेली माझी, मला हे कोणी शिकवू नये.
निश्चय: फक्त आहार आणि व्यायाम. तीन महिन्यांत साखर हद्दपार. प्रगती इथे लिहायची. थोडक्यात आणि खरी.

१३ फेब्रुवारी.
बायकोला निश्चय सांगितला. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांना आता नीट दिसतंय का म्हणून विचारते. माझ्याकडेही तशीच पाहत राहिली. म्हणाली, आहार करा, व्यायाम करा, हवं तर डोक्यावर उभे राहा, पण गोळी चुकली तर मी माहेरी जाईन. तिला आता माहेर राहिलेलं नाही, पण सूर तसा होता. जेवण झाल्यावर बशीत गोळी आणून ठेवली आणि समोर उभी राहिली. घेतली.
नोंद करून ठेवतो: ही गोळी तिच्या समाधानासाठी घेतली आहे. मनातून घेतलेली नाही. त्यामुळे ती धरायची नाही.

१४ फेब्रुवारी.
ऑफिसातल्या कॅशियरने लो-कार्बवर लांबलचक पीडीएफ पाठवलं. अर्धं वाचलं. विषय सोपा आहे, लोक उगाच बाऊ करतात. अंडी, चीज, पालेभाज्या, दाणे चालतात. धान्य बंद.
घरातली बिस्किटं बाहेर काढली. दोन पुडे अजून फोडलेलेही नाहीत. अन्न टाकायचं नाही, असं वाढलोय मी. सोमवारी ऑफिसात नेतो, तक्रारींच्या कपाटात ठेवतो. तिथे कोणी हात घालत नाही.

१६ फेब्रुवारी.
चालायला उद्यापासून. आज बूट बघून ठेवले. तळ चांगला आहे.

१७ फेब्रुवारी.
चाललो! बागेला फेऱ्या मारायच्या होत्या, पण बाग उघडायला वेळ होता. म्हणून बेकरीपर्यंत गेलो. नुसता वास घेतला. येताना एक बन घेतला. चालत चालत खाल्ला, म्हणजे आत जाता जाताच जळला.

२२ फेब्रुवारी. रविवार.
धाकट्याकडे जाऊन आलो. भाऊ म्हणून नाही, मार्गदर्शक म्हणून. त्याला ही साखर आठ-नऊ वर्षं आहे. दोन प्रकारच्या गोळ्या घेतो, आकडा धड चढत नाही, धड उतरत नाही. पोस्टमन माणूस, सकाळपासून दुपारपर्यंत पायांवरच. म्हणजे व्यायाम आयताच झाला, फक्त आहाराचा प्रश्न. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्याला कोणी सांगितली नाही.
तासभर समजावलं. मांडी घालून ऐकत होता. लहानपणी त्याला सायकल मीच शिकवली. मागून धरलंय म्हणून सांगायचो आणि तेव्हा आधीच सोडून दिलेलं असायचं. पडला, पण शिकला. तेव्हापासून दादा म्हणतो म्हणजे असणार, हे त्याचं ठरलेलं आहे.
निघताना त्याने विचारलं, दादा, तू गोळी घेत नाहीस? मी म्हटलं, गोळीवर माझा विश्वासच नाही.
यात एक शब्द खोटा नाही.

८ मार्च.
धाकटा भलताच मनावर घेतो. त्याने पाव सोडला, भात सोडला. भावजय सांगत होती, टपालाच्या थैलीत डब्यात उकडलेली अंडी आणि काकड्या असतात. बीटवरच्या, म्हणजे तो टपाल वाटतो त्या गल्ल्यांमधल्या, म्हाताऱ्या बायका बिस्किटं पुढे करतात तर हात जोडतो. त्यांना वाटतं, पोस्टमनला राग आला.
मीही कडक आहे. फक्त ऑफिसात तीन वाजता चहाबरोबर दोन बिस्किटं घेतो. त्या वेळी माझ्या हातून उत्तरं लिहून होतात. ‘आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे’ हे वाक्य उपाशीपोटी लिहिता येत नाही.

२० मार्च.
पाऊल मुरगळल्यासारखं वाटतंय. चालणं आठवडाभर स्थगित. मनाने चालतोय.

९ एप्रिल.
जिंकलो! उपाशीपोटीची साखर दोनशेच्या आसपास होती, ती एकशे अठ्ठावीसवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी छान लागू पडली. मी नुसता हसलो. त्यांचं पोट त्यावर आहे, त्या दुसरं काय म्हणणार. वजन थोडं वाढलंय म्हणाल्या. ते स्नायूंचं असतं.
लगेच धाकट्याला फोन. आकडा सांगितला. त्याला इतका आनंद झाला की त्याने भावजयीला हाक मारून सांगितलं. मग त्याने विचारलं, गोळीशिवाय? मी म्हटलं, आहार आणि चालणं, बाकी काही नाही. बायको तेव्हा दुकानात होती.
गोळी घेतो ती हिच्यासाठी. यात गोळीचा काही संबंध नाही.

२७ एप्रिल. सोमवार.
धाकट्याचा फोन, दबक्या आवाजात. आजपासून त्याने गोळ्या बंद केल्या. भावजयीला सांगू नकोस म्हणाला, ती घाबरट आहे. तुझ्यासारखं करून बघतो, दादा. तुझं झालं तर माझं का नाही होणार, आपलं रक्त एकच आहे.
मी शाबास म्हटलं.
फोन ठेवल्यावर समोरची काकडी बाजूला सारली. कडू असावी. एकदा वाटलं, परत लावावा आणि बशीचं सांगावं. पण माणसाने मोठ्या हिमतीने पाऊल उचललं असताना त्याचं खच्चीकरण करू नये. शिवाय बशी हा माझ्या आणि बायकोच्या संसारातला विषय आहे.

१७ मे. रविवार.
धाकटा येऊन गेला. काय उतरलाय! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. खाकी शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसतो. मला खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला. शिष्य पुढे निघाला.
पाणी फार पितो. आमच्याकडे बसल्या बसल्या पाण्याचा अख्खा जग रिकामा केला आणि दोनदा लघवीला उठला. मी म्हटलं, शरीर आतून धुऊन निघतंय. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, भाऊजींचा चेहरा उतरलाय, औषधं नीट घेतात ना? मी म्हटलं, त्याचं तो बघतो, लहान आहे का?

२९ मे.
धाकट्याचा फोन. घरच्या मीटरवर आकडा वाढलाय. बराच. मी सांगितलं, सुरुवातीला साठलेली साखर बाहेर पडते, आकडा आधी चढतो मग झपकन उतरतो. त्याला हायसं वाटलं.
हे मी नेमकं कुठे वाचलं ते आठवत नाही. पण वाचल्याशिवाय इतकं नीट सुचणार नाही.

३० मे.
पीडीएफचा राहिलेला अर्धा भाग वाचायचा होता. सापडला नाही. खरं तर मोबाइल उघडलाच नाही.

१४ जून. रविवार.
धाकट्याबरोबर बागेत चाललो. तो पुढे, मी बाकावर. बाकावरून वेग नीट जोखता येतो.
गंमत झाली. त्याने बूट काढला तर आतून बाटलीचं झाकण निघालं, पत्र्याचं, कातर कडांचं. सकाळपासून बुटात होतं म्हणे आणि ह्याला पत्ताच नाही! दोघंही हसलो. मागे त्याचे तळपाय फार जळजळायचे. आता काहीच वाटत नाही म्हणाला. मी म्हटलं, बघ, हा आहाराचा गुण. जळजळ गेली ना?
त्याने मान डोलावली. लहानपणी डोलवायचा तशीच.

१० जुलै.
भावजयीचा फोन ऑफिसात आला. ती कधी करत नाही. म्हणाली, त्यांच्या पायाला जखम झाली आहे, मोजा चिकटून बसतो, दुखत नाही म्हणतात आणि बीटवर जातात. भाऊजी, तुमचंच ऐकतात, तुम्ही त्यांना डॉक्टरकडे न्या.
मी म्हटलं, आजच बोलतो. संध्याकाळी बोललो. तो म्हणाला, दुखत नाही रे. मी म्हटलं, दुखत नाही तर काळजी नको, मलम लाव, मोकळं ठेव. रविवारी येऊन बघतो.

१२ जुलै. रविवार.
वार्षिक तपासणीची तयारी. फायलींना नंबर घालत बसलो. पुढच्या रविवारी नक्की.

१९ जुलै. रविवार.
पाहुणे आले. तशात दमट हवा. माझ्याच अंगात कणकण.

२४ जुलै.
फोन केला. धाकटा झोपला होता. तो दुपारी झोपत नाही. झोपू दे म्हटलं. विश्रांतीही औषधच आहे.

२८ जुलै. इस्पितळ. दुपार.
काल बीटवर असतानाच तो कोणाच्या तरी पायरीवर बसला आणि उठलाच नाही. अंगात ताप, बोलणं असंबद्ध. थैली मात्र सोडेना. दुसरा पोस्टमन येऊन, राहिलेली पत्रं मी टाकतो असं कबूल करेपर्यंत त्याने हातातून पट्टा सोडला नाही.
नर्सने बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडाच आला नाही, नुसतं ‘हाय’ आलं. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ती म्हणाली, साखर मशीनच्या पलीकडे गेली की ते असं लिहितं.
मोजा कातरीने कापून काढावा लागला. मी बाहेर गेलो होतो. वास आला म्हणून नाही, एक फोन करायचा होता.

२९ जुलै.
सर्जन तरुण आहेत, तुटक बोलतात. पायाची दोन बोटं काढली. विष वर चढलं नाही तर भागेल. विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? धाकटा ग्लानीत होता, तरी बोलला. माझ्या मनानेच सोडल्या, डॉक्टर. कोणी सांगितलं नाही.
सर्जन म्हणाले, आहार चांगला ठेवला होतात, चालणंही चांगलं. मग गोळ्या सोडायचं काय डोक्यात आलं?
माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो. दोनदा वाचलं.

३१ जुलै.
बायको दुकानातून परस्पर इस्पितळात आली. भावजयीशी कोपऱ्यात बराच वेळ बोलली. मग कॉरिडॉरमध्ये मला खिडकीशी घेऊन गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
म्हणाली, त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. दादांसारखं नुसत्या आहारावर राहायचं म्हणून. तुम्ही त्यांना असं सांगितलंत?
मी म्हटलं, मी गोळी सोड असं कधीच म्हटलेलं नाही. हे शब्दशः खरं आहे.
म्हणाली, पण घेतो असं म्हणालात?
मी म्हटलं, मी तुझ्यासाठी घेत होतो.
तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कोणी अँब्युलन्स धूत होतं. मग म्हणाली, हे तुम्ही त्यांना सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं.
सांगणार आहे. टाके निघाले की. अशक्त माणसाला धक्का देऊ नये.

४ ऑगस्ट.
पुन्हा ऑपरेशन. विष थांबलं नव्हतं. पावलाचा पुढचा अर्धा भाग गेला.
लिहिताना वाक्य लहान झालं. तेवढंच आहे ते.

९ ऑगस्ट. रविवार. इस्पितळ.
आज धाकटा पूर्ण शुद्धीवर होता. भावजय जेवायला गेली, आम्ही दोघंच. सांगायचं म्हणून खुर्ची पुढे ओढली. तर तोच म्हणाला, दादा, तुला एक सांगायचंय, रागावू नकोस.
जून महिन्यात बीटवरच्या एका बाईंनी केक दिला होता. त्या नोकरीतून रिटायर झाल्या त्या दिवशी. एकट्या राहतात, दुसरं कोणी दारात आलंच नव्हतं. त्याला नाही म्हणवेना. एक तुकडा खाल्ला. मग रस्त्यात दुसराही खाल्ला. मला सांगायची लाज वाटली. म्हणाला, तुझं सगळं बरोबर होतं दादा, माझंच तिथे चुकलं.
त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्ध्या पावलासाठी नव्हतं ते. केकसाठी होतं.
मी म्हटलं, असू दे. होतं असं.
मी त्याला माफ केलं.
घरी आलो. बायकोने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, आज तोच बोलत होता. तिने बशी ठेवली आणि आत गेली. समोर उभी राहिली नाही. गोळी घेतली. पाणी जास्त लागलं.

२३ ऑगस्ट.
धाकटा घरी. त्याला बीट सोडावी लागणार. पोस्टात खिडकीमागे बसवतील, शिक्के मारायला. म्हणाला, बसून काम म्हणजे प्रमोशनच की. मग नव्या पोस्टमनला फोनवर सांगत बसला, कुठल्या फाटकाला कडी आतून आहे, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं, कोणाला ऐकू येत नाही म्हणून दार जोरात वाजवायचं. सगळी गल्ली तोंडपाठ. सांगून झाल्यावर फोन हातातच धरून बसला.
सांगायचं राहिलं. भावजय सारखी आतबाहेर करत होती.

६ सप्टेंबर. रविवार.
आज नक्की सांगणार म्हणून गेलो. वाटेत वाक्यही बांधलं: एक छोटासा तपशील तुझ्या कानावर घालायचा राहून गेला. चांगलं वाक्य होतं. मऊ. ऑफिसात गाजलं असतं.
तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. मला पाहिल्याबरोबर विचारलं, दादा, तुझी साखर किती आली? परवाच आली होती. एकशे बारा. इतकी चांगली कधीच नव्हती.
मी म्हटलं, दोनशे साठ.
तोंडातून निघून गेलं. त्याच्या पट्टीकडे बघत एकशे बारा म्हणवेना. तेवढंच त्याच्या रांगेत बसल्यासारखं वाटलं.
तो एकदम ताठ झाला. माझा हात धरला. म्हणाला, दादा, ऐक. आहार वगैरे सगळं ठेव, पण गोळी सुरू कर. लाज वाटून घेऊ नकोस. तुला वाटेल आपण हरलो. तसं नसतं रे. मी बघ, आता इंजेक्शन घेतो, आकडा कसा सरळ आलाय. तू माझ्यासारखं करू नकोस.
मी म्हटलं, बरं.
शपथ घे म्हणाला. घेतली.
त्याचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदा मी त्याचं काही ऐकलं होतं. भावजयीला हाक मारून सांगितलं, दादा गोळी घेणार आहे! तिने हात जोडले.
छोटासा तपशील परत घेऊन आलो.

७ सप्टेंबर. सकाळ.
धाकट्याचा फोन. गोळी घेतलीस? घेतली म्हटलं. शाबास म्हणाला.

१० सप्टेंबर.
रोज फोन करतो. मी सकाळी ऑफिसआधी जेवायला बसलो की वाजतो. गोळी घेतलीस का, कसं वाटतंय, चक्कर नाही ना, सुरुवातीला पोट बिघडतं, घाबरू नकोस. नऊ वर्षांचा सगळा अनुभव सांगतो. मी हो हो म्हणतो. नवशिक्यासारखे एक-दोन प्रश्नही विचारतो. त्याला बरं वाटतं.
बायको समोर चहा घेत असते. हल्ली फोन वाजला की कप घेऊन गॅलरीत जाते.

२७ सप्टेंबर. रविवार.
बायको म्हणाली, किती दिवस चालवणार?
मी म्हटलं, त्याला माझी काळजी घेण्यात आनंद मिळतोय, तो का हिरावून घ्यायचा? त्याची तब्येत सुधारतेय ती त्यामुळेच. त्याला कोणीतरी लागतं सांभाळायला. आधी बीट होती, आता मी आहे.
म्हणाली, म्हणजे हेही तुम्ही त्यांच्यासाठीच करताय.
मी म्हटलं, अर्थात.
ती हसली नाही. मी हसलो, मग मलाच ते बरं दिसलं नाही.

५ ऑक्टोबर.
त्याला खास बूट मिळाला, पुढे आत भरलेला. काठी घेऊन अंगणात चालतो. मीही चालायला पुन्हा सुरुवात करणार. सोमवारपासून. आज सोमवारच आहे, पण निम्मा गेला.

१८ ऑक्टोबर. रविवार.
जेवणं नुकतीच आटोपली होती. बेल वाजली. दारात धाकटा. एकटा. टॅक्सीने आला आणि आमचे तिन्ही मजले काठी टेकत चढला. लिफ्ट नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, हसू कानापर्यंत. सरप्राइज म्हणाला. पोस्टमनला जिन्याचं काय!
त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, दादा, आज तुला डोळ्यांदेखत गोळी घेताना बघायचंय. फोनवर तू काहीही सांगशील, लहानपणीही खोटं बोलायचास. आणि मोठ्याने हसला. मीही हसलो.
बायकोने त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला. माझ्यापुढे बशी ठेवली. बशीत गोळी. तिच्या हाताला सवयच आहे, न बघता ठेवते.
तो म्हणाला, वा वहिनी, दीड महिन्यात काय हात बसलाय!
ती म्हणाली, दीड कुठले, आठ महिने झाले.
सहज बोलली. सहजच बोलली असणार.
धाकटा हसतच होता, ते हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग त्याने विचारलं, रोज? मला नाही, तिला.
ती म्हणाली, रोज. दोन्ही वेळा.
मी बोलायला लागलो. म्हटलं, ते मी मनातून घेत नव्हतो, हिचं समाधान, तू गैरसमज करून घेऊ नकोस, एक छोटासा तपशील. आता आठवतं तसं, मी बरंच बोललो. तो ऐकत होता. माझ्याकडे बघत ऐकत होता, मांडी घालता येत नाही आता त्याला, पाय पुढे लांब केला होता.
म्हणाला, दादा, मी त्या केकचं… आणि तिथेच थांबला.
मग म्हणाला, घे, राहून जाईल. मी गोळी घेतली. त्याने घशाखाली जाईपर्यंत पाहिलं. चहा पूर्ण प्यायला. वहिनींना, छान झालाय म्हणाला. काठी घेतली.
मी म्हटलं, थांब, खालपर्यंत येतो, हात धर. म्हणाला, नको, जमतं मला.
दार उघडं ठेवून उभा राहिलो. काठी, चांगला पाय, मग तो बूट. काठी, चांगला पाय, बूट. दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ थांबला. वाटलं हाक मारेल. नाही मारली. तीन मजले उतरायला त्याला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.
आत आलो तर बायको कपबशा विसळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ती रडतेय हे पाण्याच्या आवाजात मला कळलं नाही, नळ बंद झाल्यावर कळलं.

१९ ऑक्टोबर. सकाळ.
फोन नाही. काल दमला असेल. तीन मजले म्हणजे थोडे नाहीत.

२० ऑक्टोबर.
फोन नाही. पोस्टात आजपासून खिडकीवर हजर व्हायचं होतं. गडबड असणार.

२१ ऑक्टोबर.
मी केला. भावजयीने उचलला. म्हणाली, ते कामावर गेलेत. मग म्हणाली, बरे आहेत. भाऊजी म्हणाली नाही.

२४ ऑक्टोबर. सकाळ.
सकाळचं जेवण झालं. बायकोने गोळी ठेवली, घेतली. मोबाइल टेबलावर समोर ठेवून बसलो. कदाचित लागत नसेल म्हणून बायकोच्या मोबाइलवरून माझ्या नंबरवर लावून पाहिला.
वाजला. फोन चांगला आहे.